हेजहॉग संकेतमार्गातील नियामक प्रथिने आणि निषेधाची व्यवस्था

जीवशास्त्राने आपल्या परिभाषेसाठी भाषाव्यवहारातून किती शब्द उचलले आहेत याची मोजदाद कोणी केली, तर ती यादी बरीच लांब होईल. जनुकातील मजकुराचे 'प्रतिलेखन' होते, त्याचे प्रथिनात 'भाषांतर' होते, एक पेशी दुसरीला 'संकेत' देते आणि दुसरीच्या पृष्ठावरील 'ग्राही' तो स्वीकारतो. या शब्दांमुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला त्या क्षेत्रात आपलाही काही वाटा आहे असे वाटू लागते. बहुतेक ठिकाणी तो वाटा नावापुरताच असतो. पेशी बोलत नाहीत, आणि त्या बोलतात असे धरून चालण्याने ना जीवशास्त्राचे भले होते ना भाषाशास्त्राचे. तेव्हा या रूपकाचा अधिक विस्तार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हेतू मर्यादित आहे. भ्रूणाच्या विकासातील एका प्रमुख संकेतमार्गात 'नकार' हीच मूळ क्रिया आहे. त्या मार्गातील प्रथिनांची नावेही अभावावरून पडलेली आहेत. आणि हे नकार व अभाव नीट मोजले नाहीत तर त्या मार्गाच्या विकृतींचा व त्यांवरील औषधांचा अर्थ सरळसरळ उलटा लागतो. नकाराचा अर्थ कसा लागतो हा मात्र आमच्या शास्त्राचा नित्याचा विषय आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर हे लेखन केले आहे.

१९८० साली क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड व एरिक वीशाउस यांनी फलमाशीच्या अळीवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. हायडेलबर्ग येथील प्रयोगशाळेत त्यांनी फलमाशीत मोठ्या प्रमाणावर उत्परिवर्तने घडवून आणली आणि ज्या भ्रूणांच्या शरीरखंडांची रचना बिघडली ते वेगळे काढले. अशा बिघाडास कारण होणारी पंधरा जनुकस्थाने त्या पहिल्या निबंधात नोंदलेली आहेत. पुढे १९९५ साली एडवर्ड लुईस यांच्यासमवेत उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी अळीच्या प्रत्येक खंडाच्या पुढच्या भागात बारीक काट्यांचा पट्टा असतो आणि मागचा भाग नितळ असतो. एका उत्परिवर्ती अळीत हे नितळ पट्टे नाहीसे झालेले आढळले. आखूड, जाडसर अंगभर काटेच काटे. तिचे रूप पाहून त्या जनुकाला 'हेजहॉग' हे नाव देण्यात आले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. हेजहॉग हा युरोपातील परसबागांत आढळणारा काटेरी अंगाचा छोटा प्राणी. आपल्याकडील काही टिपणांत त्याचे भाषांतर 'साळिंदर' असे केलेले दिसते. ते चूक आहे. साळिंदर हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील असून हेजहॉग कीटकभक्षी व सर्वस्वी वेगळ्या गणातील आहे. पण प्राण्याच्या ओळखीतली ही चूक फारशी घातक नाही. घातक चूक पुढची आहे. 'हेजहॉग' हे नाव ऐकून कोणालाही वाटेल की हे जनुक, किंवा त्यापासून बनणारे प्रथिन, अंगावर काटे निर्माण करीत असावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ते प्रथिन असते तेव्हा नितळ पट्टे होतात; ते नसते तेव्हा काटे सर्वत्र पसरतात. नाव दिलेले आहे ते प्रथिनाच्या कार्याला नव्हे, त्याच्या गैरहजेरीत जे दिसते त्याला. दिव्याला 'काळोख' म्हणावे तशातला हा प्रकार.

आणि तो अपवादात्मक नाही. आनुवंशिकीची ती रीतच आहे. एखादे जनुक काय करते हे प्रत्यक्ष दिसत नाही, ते बिघडल्यावर काय होते एवढेच दिसते. म्हणून पंखावरील शिरा एकमेकींना चिकटल्या तर जनुकाचे नाव 'फ्यूज्ड'. पंखावरील एक शीर मध्येच तुटली तर लॅटिन भाषेतून 'क्युबिटस इंटररप्टस'. या मार्गातील एका प्रथिनाचे नाव तर या रीतीचा कळस म्हणावे असे आहे. 'सप्रेसर ऑफ फ्यूज्ड' या नावाचा शब्दशः अर्थ 'फ्यूज्डचे दमन करणारा'. वाचणारा समजतो की हे प्रथिन 'फ्यूज्ड' प्रथिनाला दाबून टाकते. खरा अर्थ असा की, 'फ्यूज्ड' बिघडल्यामुळे झालेली विकृती 'सप्रेसर ऑफ फ्यूज्ड' हेही बिघडले असता झाकली जाते. म्हणजे एका अभावाचा परिणाम दुसऱ्या अभावाने लोपतो, आणि त्या दुसऱ्या अभावावरून, जे प्रथिन हजर असते त्याला नाव मिळते! संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत 'लोप' या संज्ञेशी परिचय असलेल्या वाचकाला यात फार आश्चर्य वाटू नये. जे दिसत नाही त्यालाही संज्ञा द्यावी व त्यावरून कार्ये सांगावी, ही युक्ती पाणिनीला पूर्ण अवगत होती. फरक इतकाच की पाणिनी लोपाला लोपच म्हणतो.

या कारणास्तव प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, या नावांचे मराठीत भाषांतर करू नये. 'पॅच्ड'ला 'ठिगळलेले' आणि 'स्मूदन्ड'ला 'गुळगुळीत केलेले' म्हटलेले एक टिपण काही वर्षांपूर्वी वाचण्यात आले. ते लिहिणाऱ्याचा मराठीविषयीचा जिव्हाळा स्तुत्यच, पण त्यामुळे जे केवळ विशेषनाम आहे ते वर्णन असल्याचा आभास उत्पन्न होतो. आपल्या समाजात आधीची मुले दगावली म्हणजे पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू किंवा भिकू ठेवीत. त्या नावामागे न उरलेल्या भावंडांची आठवण असे. पण दगडूला कोणी दगड समजत नसे. प्रथिनांच्या नावांकडे त्याच दृष्टीने पाहावे. अर्थात विशेषनामही सर्वस्वी निरर्थ राहत नाही हेही खरे. १९९३ साली पृष्ठवंशी प्राण्यांतील समधर्मी जनुके सापडली तेव्हा त्यांपैकी दोहोंस हेजहॉगच्या प्रत्यक्ष जातींवरून 'डेझर्ट' व 'इंडियन' अशी नावे देण्यात आली (या भारतीय जातीचा प्राणी राजस्थान-गुजरातच्या कोरड्या प्रदेशात आढळतो), आणि तिसऱ्याला १९९१ साली निघालेल्या एका व्हिडिओ-खेळाच्या नायकावरून 'सॉनिक'. पुढे या 'सॉनिक'च्या बिघाडामुळे बालकांच्या मेंदूत व चेहऱ्यात गंभीर व्यंग निर्माण होते हे कळले, आणि अशा बालकाच्या आईवडिलांना हे नाव कोणत्या तोंडाने सांगावे असा प्रश्न वैद्यांपुढे उभा राहिला. २००६ च्या सुमारास मानवी जनुकांच्या नामकरणाचे काम पाहणाऱ्या समितीने अशा काही गमतीच्या नावांचा फेरविचार केला. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुलींचे समारंभपूर्वक पुनर्नामकरण झाले होते, त्याची येथे आठवण होते.

आता मार्गाकडे वळू. हेजहॉग हे प्रथिन पेशीत तयार होते ते मोठ्या रेणूच्या रूपात. तो रेणू स्वतःच स्वतःचे दोन तुकडे करतो, आणि हे करीत असता पुढच्या तुकड्याच्या शेवटाला कोलेस्टेरॉलचा एक रेणू जोडला जातो. प्रथिनाला कोलेस्टेरॉल कायमचे जोडलेले असणे ही गोष्ट १९९६ साली उघडकीस आली तेव्हा ती अगदी नवी होती. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला पामिटिक या मेदाम्लाची जोड मिळते. अशा दोन्ही बाजूंनी स्निग्ध झालेल्या रेणूची पेशीच्या पटलातून सुटका करण्यासाठी 'डिस्पॅच्ड' नावाचे वेगळे प्रथिन लागते. तेथून तो शेजारच्या पेशींकडे जातो.

शेजारच्या पेशीच्या पटलात 'पॅच्ड' हे प्रथिन असते. ते पटलातून बारा वेळा आरपार गेलेले असते. हेजहॉगचा ग्राही तो हाच. त्याच पेशीत 'स्मूदन्ड' हे दुसरे, पटलातून सात वेळा आरपार गेलेले प्रथिन असते. सामान्य कल्पना अशी की संकेत आला म्हणजे ग्राही जागा होतो आणि पुढील कार्य सुरू करतो. येथे तसे नाही. संकेत येत नाही तोवर पॅच्ड जागेच असते, आणि त्याचे जागे असणे म्हणजे स्मूदन्डला दडपून ठेवणे. हेजहॉग येऊन पॅच्डला बांधले जाते तेव्हा पॅच्ड निष्क्रिय होते, आणि स्मूदन्ड मोकळे सुटते. या दडपणाची रीतही विशेष आहे. पॅच्डचा एकेक रेणू स्मूदन्डच्या अनेक रेणूंना आवरू शकतो, हे २००२ साली दाखवण्यात आले. त्यावरून पॅच्ड स्मूदन्डला धरून ठेवीत नसावे असे अनुमान निघाले. पॅच्डची घडण स्निग्ध रेणूंची ने-आण करणाऱ्या प्रथिनांसारखी आहे, आणि स्मूदन्डला जागे होण्यासाठी लागणारे स्टेरॉल ते त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही, असे आज सामान्यतः मानले जाते.

स्मूदन्डच्या पुढे पेशीच्या आत काय घडते ते फलमाशीच्या उदाहरणाने पाहू. क्युबिटस इंटररप्टस हे प्रथिन शेवटी केंद्रकात जाऊन जनुकांना चालवणारे वा थांबवणारे आहे. स्मूदन्ड दबलेले असताना 'कॉस्टल-२' नावाचे प्रथिन क्युबिटस इंटररप्टसला अडकवून ठेवते, तेथे तीन कायनेज एन्झाइमे त्यावर फॉस्फेटाच्या खुणा करतात, आणि त्या खुणांमुळे पेशीतील प्रथिनभंजक यंत्रणा त्याची छाटणी करते. छाटणी पूर्ण विनाश करीत नाही. पुढचा सुमारे अर्धा भाग शिल्लक राहतो आणि तो केंद्रकात जाऊन जनुकांचे दमन करतो. स्मूदन्ड मोकळे झाले की ही छाटणी थांबते, आणि अखंड प्रथिन केंद्रकात जाऊन त्याच जनुकांना प्रेरणा देते.

नकार मोजू. हेजहॉग पॅच्डला रोखते. पॅच्ड स्मूदन्डला रोखते. स्मूदन्ड छाटणीला रोखते. छाटणीतून निघालेला तुकडा जनुकांना रोखतो. एकूण चार नकार, म्हणून निष्पत्ती होकार. कोणता घटक नाहीसा झाल्यास काय होईल हेही यावरूनच सांगता येते. त्या घटकापासून जनुकापर्यंत नकारांची संख्या सम असेल, तर तो नाहीसा होताच काम थांबते. विषम असेल, तर काम बेसुमार होते. हेजहॉग व स्मूदन्ड यांचा अभाव सारखा दिसतो. पॅच्डचा अभाव आणि छाटणीच्या यंत्रणेचा अभाव यांचा परिणाम त्याच्या उलट.

पण येथे विद्यार्थी एक स्वाभाविक शंका घेतो. चार नकारांचा जर एक होकारच होत असेल, तर हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? हेजहॉगने सरळ स्मूदन्डला जागे केले असते तर काय बिघडले असते? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी १९९१ साली फिलिप इंगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग सांगितला पाहिजे. फलमाशीच्या भ्रूणात हेजहॉग निर्माण करणाऱ्या पेशींच्या शेजारची पेशींची रांग 'विंगलेस' नावाचे जनुक चालू ठेवते. हेजहॉग नसेल तर ते विझते. पॅच्ड नसेल तर ते रांग सोडून इतरत्र पसरते. आता दोन्ही नसतील तर? हेजहॉग हे जर विंगलेसची प्रत्यक्ष प्रेरणा असते, तर ते नसताना विंगलेस विझायला हवे होते. ते विझले नाही, पसरले. म्हणजे पॅच्ड नसेल तर हेजहॉगची गरजच उरत नाही. हेजहॉगला जे सांगायचे असते ते इतकेच की 'पॅच्ड, तू बाजूला हो'. बाकीचे त्या पेशीतच तयार असते.

आता भाषेचे उदाहरण घेऊ. 'तो येईल' आणि 'तो आल्यावाचून राहणार नाही' या दोन मराठी वाक्यांत तर्कशास्त्राच्या दृष्टीने भेद नाही. दोन नकारांनी एकमेकांना कापले की उरते ते येणेच. परंतु मराठी बोलणारा कोणीही हे दोन सारखे मानणार नाही. दुसऱ्या वाक्यात असे गृहीत आहे की येणे हाच त्याचा स्वभाव, न येण्यासाठी काहीतरी आडवे यावे लागेल, आणि ते आडवे येणारे टिकणार नाही. उलट 'त्याला येत नाही असे नाही' या वाक्यात दोन नकार असूनही उरणारा होकार मंद आहे, हातचे राखून दिलेला आहे. म्हणजे दुहेरी नकार नुसता होकार सांगत नाही. मूळ स्थिती कोणती, आडकाठी कोठे, आणि ती किती उठवली, हे तो सांगतो. नव्य नैयायिकांनी हाच मुद्दा निराळ्या अंगाने काढला होता. घटाच्या अभावाचा अभाव म्हणजे घटच, असे प्राचीन मत. रघुनाथ शिरोमणी यांनी ते नाकारले आणि अभावाचा अभाव हा स्वतंत्र अभावच मानला. या वादाचा निकाल लावण्याचे हे स्थळ नव्हे. पेशींच्या बाबतीत मात्र प्रयोगाने दिलेली साक्ष रघुनाथांच्या बाजूची आहे.

ती साक्ष सर्वांत स्पष्ट मिळते ती उंदराच्या पायात. पृष्ठवंशी प्राण्यांत क्युबिटस इंटररप्टसच्या जागी 'ग्ली' नावाची तीन प्रथिने असतात. (ग्ली हे नाव ग्लिओमा या मेंदूतील अर्बुदावरून १९८७ साली पडले.) त्यांपैकी तिसरे, 'ग्ली-३', प्रामुख्याने छाटले जाऊन दमनक बनते. पायाच्या कलिकेत मागील कडेला सॉनिक तयार होते व तेथून पुढे पसरते. सॉनिक नसलेल्या उंदराच्या मागच्या पायाला एकच बोट येते. त्यावरून सहज वाटते की सॉनिक बोटे घडवते. ग्ली-३ नसलेल्या उंदराला बोटे जास्त येतात. २००२ साली दोन स्वतंत्र गटांनी दोन्ही जनुके नसलेले उंदीर तयार केले. सॉनिक जर बोटांचे निर्माते असते तर या उंदरांना बोटे कमी यायला हवी होती. प्रत्यक्षात ती भरपूर आली. केवळ ग्ली-३ नसलेल्या उंदराइतकीच. पण सगळी सारखी. अंगठा कोणता आणि करंगळी कोणती हे ओळखता येऊ नये अशी.

या निष्कर्षाचे महत्त्व किती हे थोडे थांबून पाहिले पाहिजे. बोटे घडवण्याची शक्ती कलिकेत मुळातच आहे. सॉनिकची तिला गरज नाही. ग्ली-३ चा तुकडा ती शक्ती दाबून धरतो. सॉनिक तो दाब उठवते, पण सर्वत्र सारखा नव्हे: मागच्या कडेला अधिक, पुढे जावे तसतसा कमी. बोटांची संख्या पाचावर राहते आणि प्रत्येक बोटाला स्वतःची ओळख मिळते ती या कमीअधिक दाबातून. दाब मुळीच नसला तर बोटे असतात, व्यवस्था नसते. म्हणजे होकार आणि 'नकाराचा नकार' यांतला जो भेद आपण भाषेत ऐकतो, तो येथे हाडामांसात दिसतो. मघाच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. नुसत्या प्रेरणेने दोनच अवस्था नीट साधतात, प्रेरणा असणे व नसणे. प्रेरक आणि दमनक दोन्ही एकाच रेणूपासून निघत असतील तर त्यांचे प्रमाण बदलून मधल्या पायऱ्या साधता येतात, आणि जेथे संकेत पोहोचत नाही तेथे केवळ मौन नव्हे तर स्पष्ट नकार ठेवता येतो. भ्रूणाच्या मज्जानलिकेतही सॉनिकच्या प्रमाणानुसार वेगवेगळ्या चेतापेशी ठरतात, हे याच जातीचे दुसरे उदाहरण.

मघा सम-विषमाचा जो नियम सांगितला त्याला ग्लीकुळातील प्रथिने अपवाद का ठरतात हेही आता कळेल. त्यांचा पूर्ण अभाव म्हणजे नकाराचाही अभाव आणि होकाराचाही. माणसातील ग्ली-३ च्या बिघाडांवरून हे दिसते. एक प्रत निकामी झाली तर ग्रीग यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार होतो: जादा बोटे, जोडबोटे, रुंद कपाळ. परंतु प्रथिन मध्यावर तुटेल असे उत्परिवर्तन झाले तर पॅलिस्टर व हॉल यांच्या नावाचा निराळाच विकार होतो. त्यात मेंदूच्या तळाशी गाठ असते. पहिल्यात दमनक कमी पडतो, दुसऱ्यात तो कायमचा तयार राहतो, संकेत आला काय आणि न आला काय. जनुक एकच, फरक ते कोठे तुटले याचा. वाक्य अर्ध्यावर तोडले की काही वेळा ते निरर्थ होते आणि काही वेळा त्याला भलताच पुरा अर्थ येतो, तसेच हे.

या मार्गाला आवर घालणारी आणखीही प्रथिने आहेत. हेजहॉग पोहोचताच पेशी जी जनुके चालू करते त्यांतच पॅच्डचे जनुक असते. म्हणजे संकेत जितका जोरात तितके त्याला पकडून थांबवणारे प्रथिन अधिक. पृष्ठवंशी प्राण्यांत हेजहॉगला बाहेरच्या बाहेर अडकवणारे वेगळे प्रथिन आहे, तर 'सीडीओ', 'बीओसी' व 'गॅस-१' ही त्याला पॅच्डपर्यंत पोहोचवण्यास मदत करतात. आणि २००३ पासून असेही दिसून आले की पृष्ठवंशी प्राण्यांत हा सगळा व्यवहार पेशीच्या पृष्ठावरील एका सूक्ष्म, केसासारख्या पक्ष्माभिकेत चालतो. संकेत नसताना पॅच्ड तेथे वास करते. संकेत आला की ते निघून जाते व स्मूदन्ड आत येते. फलमाशीच्या बहुतेक पेशींत हा मार्ग पक्ष्माभिकेवाचून चालतो.

परिभाषेविषयी एक सूचना. इंग्रजीतील निरनिराळ्या निषेधवाचक संज्ञांसाठी आपण 'निरोधक', 'अवरोधक', 'दमनक', 'प्रतिबंधक' हे शब्द वाटेल तसे अदलून बदलून वापरतो. या विषयात ते चालणार नाही. दुसऱ्या प्रथिनाची क्रिया थांबवणारे ते 'रोधक', जनुकाचे प्रतिलेखन थांबवणारे ते 'दमनक', आणि उत्परिवर्तनाचा दिसणारा परिणाम झाकणारे दुसरे उत्परिवर्तन ते 'आच्छादक', असे तीन शब्द तीन अर्थांना बांधून टाकावेत. पॅच्ड रोधक आहे, छाटलेले ग्ली-३ दमनक आहे, आणि 'सप्रेसर ऑफ फ्यूज्ड' या नावातला पहिला शब्द आच्छादक या अर्थी आहे. हा शब्दच्छल नव्हे, हे पुढील हकीकतीवरून ध्यानात येईल.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात मेंढपाळांच्या कळपांत एकच डोळा असलेली कोकरे जन्मास येत. १९५० च्या दशकात सरकारी शास्त्रज्ञांनी या प्रकाराचा शोध घेतला, तेव्हा असे आढळले की गाभण मेंढीने साधारण चौदाव्या दिवशी व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही रानटी वनस्पती खाल्ली तर हे व्यंग होते. त्या वनस्पतीतील द्रव्याला ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून 'सायक्लोपामीन' असे नाव मिळाले. १९९६ साली सॉनिक नसलेल्या उंदराचे भ्रूण एकाक्ष निघाले, आणि १९९८ मध्ये सायक्लोपामीन हेजहॉगचा संकेतच बंद पाडते हे सिद्ध झाले. ते स्मूदन्डला चिकटते हे २००२ साली कळले. संकेत नाहीसा होणे आणि स्मूदन्ड बंद होणे यांत मधले दोन नकार, म्हणून परिणाम एक.

दरम्यान, १९९६ सालीच, गॉर्लिन यांच्या नावाच्या आनुवंशिक विकारात पॅच्डचे जनुक बिघडलेले असते असे आढळले. या विकारात त्वचेवर तळपेशींची अर्बुदे वारंवार उठतात. येथे पॅच्डचा अभाव म्हणजे संकेत नसताही काम बेसुमार. मग जे द्रव्य कोकराला एकाक्ष करते तेच या अर्बुदाला आवरील, हे अनुमान सरळ होते. सायक्लोपामीनसारखेच स्मूदन्डचे रोधक असलेले 'व्हिस्मोडेगिब' हे औषध २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत मान्य झाले, आणि 'सोनिडेगिब' २०१५ साली. गर्भवतीला ती अर्थातच वर्ज्य आहेत. वाढत्या वयाच्या मुलांत ती दिली असता हाडांची वाढपट्टी अकाली सांधली जाते असेही आढळले आहे. हाडांची वाढ चालू ठेवण्यात 'इंडियन' हेजहॉगचा हात असतो आणि त्याचाही निरोप स्मूदन्डमार्गेच जातो.

पण सर्वच अर्बुदांत बिघाड पॅच्डचा नसतो. अनुमस्तिष्कातील मेड्युलोब्लास्टोमा हे मुलांत होणारे अर्बुद याच मार्गाच्या बेसुमार चालण्यानेही होते, आणि काही लहान मुलांत त्याचे कारण 'सप्रेसर ऑफ फ्यूज्ड'चा अभाव हे असते, असे २००२ साली दिसून आले. हे प्रथिन ग्लीला थेट आवरून धरते. त्याची जागा मार्गात स्मूदन्डच्या पुढे आहे. सस्तन प्राण्यांत त्याचे महत्त्व फलमाशीपेक्षा कितीतरी अधिक. नावावरून कोणी ते 'फ्यूज्ड'चा रोधक मानील, तर कोणी, दोन्ही बिघाडांचा परिणाम सारखाच दिसतो म्हणून, पॅच्डच्या रुग्णाला लागू पडलेले औषध येथेही सुचवील. प्रत्यक्षात त्या पेशींत पॅच्ड शाबूत असते आणि त्याने स्मूदन्डला आधीच रोखलेले असते. औषधाने पुन्हा रोखण्यासारखे तेथे काही उरलेले नसते. अर्बुद वाढतच राहते. म्हणून स्मूदन्डचा रोधक देण्यापूर्वी कोणता दुवा तुटला आहे हे जनुके तपासून पाहावे लागते.